एका शब्दाची अनेक पदे : ‘प्रेसिडेंट’ आणि त्याचे मराठी पर्याय

प्रस्तावना

इंग्रजी–मराठी शब्दकोशात ‘प्रेसिडेंट’ हा शब्द काढून पाहिला, तर त्यापुढे चार-पाच मराठी शब्द एका ओळीत मांडलेले दिसतात : अध्यक्ष, सभापती, राष्ट्रपती, राष्ट्राध्यक्ष, प्रमुख. कोशात हे शब्द शेजारी शेजारी उभे असतात, म्हणून ते एकमेकांच्या जागी चालतील असा समज होतो. पण भारताच्या राष्ट्रपतींना कोणी ‘भारताचे सभापती’ म्हणत नाही आणि गणेशोत्सव मंडळाच्या अध्यक्षांना ‘मंडळाचे राष्ट्रपती’ म्हटले तर ऐकणारे हसतील. पंचायत समितीच्या सभापतींकडे द्यायचा अर्ज जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांच्या नावे लिहिला, तर तो भलत्याच कार्यालयात जाऊन पडेल. म्हणजे मूळ इंग्रजी शब्द एकच असला, तरी मराठीत त्याची अनेक पदे आहेत आणि प्रत्येक पदाची जागा ठरलेली आहे.

या पाठात आपण त्या जागा कशा ठरल्या ते पाहणार आहोत. त्यासाठी आपल्याला महाराष्ट्राबाहेर, गंगेकाठच्या वाराणसी नगरात जावे लागेल. काशी, बनारस या नावांनीही आपण हे नगर ओळखतो. राज्यकर्त्याला आणि सभेच्या प्रमुखाला कोणत्या नावाने हाक मारावी, या प्रश्नाच्या इतिहासातील काही महत्त्वाचे प्रसंग या नगराशी जोडलेले आहेत, आणि त्यांत मराठी माणसांचा वाटा आहे.

शब्दांचा मूळ अर्थ

‘प्रेसिडेंट’ हा शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याच्या मुळाशी ‘पुढे बसणे’ असा अर्थ आहे. सभेत सर्वांसमोर बसतो आणि सभेचे कामकाज चालवतो, तो प्रेसिडेंट. ‘चेअरमन’ या इंग्रजी शब्दातही खुर्चीच आहे. आपणही ‘अध्यक्षस्थान भूषवणे’, ‘खुर्चीवर असणे’, ‘गादीवर बसणे’ असे म्हणतो. आसन आणि अधिकार यांचे नाते बहुतेक भाषांनी ओळखले आहे.

‘अध्यक्ष’ या संस्कृत शब्दाच्या मुळाशी मात्र बसणे नाही, पाहणे आहे. ‘अधि’ म्हणजे वर आणि ‘अक्ष’ म्हणजे डोळा. ‘प्रत्यक्ष’ या शब्दातला ‘अक्ष’ तोच. ज्याची कामावर नजर असते, जो देखरेख करतो, तो अध्यक्ष. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दुसऱ्या अधिकरणाचे नावच ‘अध्यक्षप्रचार’ असे आहे. तेथे सूतकताईच्या कामावर देखरेख करणारा सूत्राध्यक्ष, शेतीकडे पाहणारा सीताध्यक्ष, नौकांवर लक्ष ठेवणारा नावध्यक्ष असे कितीतरी अध्यक्ष भेटतात. आजच्या भाषेत आपण त्यांना खातेप्रमुख म्हणू. तेव्हाचा अध्यक्ष हा राजाचा नोकर होता. सभेने निवडलेला प्रमुख हा अर्थ त्या शब्दाला पुष्कळ नंतर आला.

‘पती’ या शब्दाचा जुना अर्थ स्वामी, धनी, पालन करणारा असा आहे. ‘नवरा’ हा त्याचा एक अर्थ झाला, सगळा अर्थ नव्हे. गणपती म्हणजे गणांचा स्वामी, सेनापती म्हणजे सेनेचा प्रमुख, सभापती म्हणजे सभेचा प्रमुख. पुढे एक वाद समजून घेताना हा मुद्दा आपल्याला उपयोगी पडेल.

काशीचे पंडित आणि रायगडावरील पदे

६ जून १६७४ या दिवशी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्याचे प्रमुख पौरोहित्य काशीच्या गागाभट्टांनी केले. गागाभट्टांचे घराणे मूळचे पैठणचे. ते पुढे काशीत स्थायिक झाले आणि विद्वत्तेसाठी देशभर मान्यता पावले. या प्रसंगी महाराजांनी धारण केलेले ‘छत्रपती’ हे पद तुमच्या परिचयाचे आहे. राज्याच्या प्रमुखाचे हे नाव ‘पती’ या शब्दानेच पूर्ण होते.

राज्याभिषेकाबरोबर मंत्र्यांची पदनामेही बदलली. तोवर कारभारात फारसी शब्द चालत होते. पेशवा हा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, डबीर सुमंत झाला आणि सरनौबत सेनापती झाला. कारभारातील फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा ‘राज्यव्यवहारकोश’ही महाराजांच्या आज्ञेने रचला गेला.

यातून दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली अशी की, पदाचे नाव हा राज्याच्या स्वरूपाचाच भाग असतो. राज्य नवे झाले की नावेही नवी लागतात. दुसरी गोष्ट अशी की, केवळ कोशात लिहिल्याने शब्द रूढ होत नाही. ‘मुख्य प्रधान’ हे नाव ठरले, तरी लोकांच्या तोंडी ‘पेशवा’ हाच शब्द राहिला आणि पुढे इतिहासाने एका संपूर्ण कालखंडाला पेशवाई हेच नाव दिले. त्याच वेळी ‘प्रधान’ शब्दही मराठीतून गेला नाही. आज आपण ‘पंतप्रधान’ म्हणतो. हिंदीत ‘प्रधानमंत्री’ हा शब्द चालतो.

प्रेसिडेंट आणि प्रेसिडेन्सी

सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींचा कारभार एक मंडळ पाहत असे आणि त्या मंडळाच्या प्रमुखाला ‘प्रेसिडेंट’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावर हा प्रेसिडेंट आधी सुरतेला असे. १६८७ मध्ये हे मुख्य ठाणे मुंबईला आले. प्रेसिडेंटच्या हाताखालचा प्रदेश ती ‘प्रेसिडेन्सी’. पुढे तेथे गव्हर्नर आले, तरी प्रदेशाचे नाव प्रेसिडेन्सी असेच राहिले. मराठीने मात्र या शब्दाचे भाषांतर ‘अध्यक्षता’ असे केले नाही. तिने अरबीतून आलेला ‘इलाखा’ हा शब्द घेतला आणि आपण ‘मुंबई इलाखा’ म्हणू लागलो. एकाच मुळाच्या दोन इंग्रजी शब्दांना मराठीत अगदी वेगवेगळे पर्याय मिळाले, कारण मराठी माणसाने तेथे शब्दाच्या मुळाऐवजी वस्तू पाहिली. त्याच्यापुढे होता तो एक मुलूख, म्हणून मुलखाला शोभणारा शब्द त्याने वापरला.

काशी, १९०५ : सभेचे अध्यक्ष

डिसेंबर १९०५ मध्ये भारतीय राष्ट्रीय काँग्रेसचे एकविसावे अधिवेशन बनारसला भरले. त्याचे अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांचे वय तेव्हा एकोणचाळीस वर्षांचे होते. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली होती. देशातील वातावरण तापलेले होते. १६ ऑक्टोबर १९०५ पासून बंगालची फाळणी अमलात आली होती, परदेशी मालावरील बहिष्काराची चळवळ उसळली होती आणि मवाळ व जहाल यांच्यातील मतभेद उघड होऊ लागले होते. गोखल्यांनी अध्यक्षीय भाषणात फाळणीवर आणि लॉर्ड कर्झनच्या कारभारावर कडक टीका केली, स्वदेशीला पाठिंबा दिला, पण बहिष्काराचे शस्त्र जपून वापरावे असेही सांगितले.

या प्रसंगी ‘प्रेसिडेंट’ या शब्दाचा अर्थ नेमका काय होता? त्या काळी काँग्रेसचा अध्यक्ष हा मुख्यतः अधिवेशनाचा अध्यक्ष असे. तो आरंभी भाषण करी, चर्चेला वळण देई आणि अधिवेशन संपले की त्याचे मुख्य काम संपे. आजच्या मराठीत ‘संमेलनाध्यक्ष’ हा शब्द या अर्थाच्या जवळ जातो. मराठी साहित्यिकांची पहिली ग्रंथकार सभा १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या अध्यक्षतेखाली भरली. तेव्हापासून ही परंपरा चालू आहे. आपल्याकडे संमेलनाचा अध्यक्ष आणि पाहुण्यांचे स्वागत करणारा स्वागताध्यक्ष असे दोन वेगळे शब्दही तयार झाले.

पुढे, विशेषतः १९१७ नंतर, काँग्रेसच्या अध्यक्षाने वर्षभर काम करावे ही अपेक्षा वाढली. अध्यक्ष आता सभेपुरता राहिला नाही, तो संघटनेचा नेता झाला. इंग्रजी शब्द तोच राहिला, पण पदाचा अर्थ बदलला. अर्थ बदलला की भाषेला नवा शब्द हवासा वाटतो. तसा शब्द लवकरच पुढे आला, आणि तोही काशीतल्या एका मराठी माणसाच्या लेखणीतून, असे मानले जाते.

बाबूराव पराडकर आणि ‘राष्ट्रपती’

काशीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट या परिसरात त्यांची जुनी वस्ती आहे. अशाच एका कुटुंबात १८८३ मध्ये बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म झाला. त्यांच्या घरची भाषा मराठी, त्यांचे लेखन हिंदीत आणि त्यांच्या पत्रकारितेची सुरुवात बंगाली वातावरणातील कोलकात्यात. ‘देशेर कथा’ या गाजलेल्या बंगाली पुस्तकाचे लेखक सखाराम गणेश देऊस्कर हे त्यांचे मामा. क्रांतिकारकांशी संबंध असल्यावरून पराडकरांना १९१६ पासून काही वर्षे स्थानबद्धतेत काढावी लागली. सुटकेनंतर ते काशीला परतले. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्त यांनी काशीत ‘आज’ हे हिंदी दैनिक सुरू केले आणि पराडकरांनी त्याच्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहिली. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले. काशीतील पराडकर स्मृतिभवन आज त्यांची आठवण जागवते.

दैनिकाच्या संपादकापुढे शब्दांचा प्रश्न रोज उभा असतो. परदेशांतून तारांनी येणाऱ्या बातम्या इंग्रजीत असत आणि सकाळपर्यंत त्या साध्या वाचकाला कळतील अशा हिंदीत छापायच्या असत. विचार करायला महिने नसत, तासही थोडेच असत. ‘मिस्टर’ऐवजी ‘श्री’, अनेक नावांआधी ‘सर्वश्री’, ‘इन्फ्लेशन’साठी ‘मुद्रास्फीति’ असे पुष्कळ शब्द हिंदीत रूढ करण्याचे श्रेय पराडकरांना दिले जाते. त्याच यादीत ‘प्रेसिडेंट’साठी ‘राष्ट्रपति’ हा शब्दही येतो.

स्वातंत्र्यापूर्वी हा शब्द काँग्रेसच्या अध्यक्षांसाठी वापरात होता. देश पारतंत्र्यात होता, त्याला स्वतःचा राज्यप्रमुख नव्हता. अशा वेळी लोकांनी निवडलेल्या संघटनेच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणणे, म्हणजे आमच्या राष्ट्राचा खरा प्रमुख इंग्लंडचा राजा नव्हे, आम्ही निवडलेला माणूस आहे, असे सांगणे होते. एका पदनामात केवढी राजकीय भूमिका सामावू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

पण मोठ्या शब्दाबरोबर धोकाही येतो. नोव्हेंबर १९३७ मध्ये ‘मॉडर्न रिव्ह्यू’ या इंग्रजी मासिकात ‘राष्ट्रपती’ याच नावाचा एक लेख ‘चाणक्य’ या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. जवाहरलाल नेहरू हे तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. लोकप्रियतेच्या बळावर ते हुकूमशहा बनू शकतील, म्हणून लोकांनी सावध राहावे, असा इशारा त्या लेखात दिला होता. हा लेख खुद्द नेहरूंनीच लिहिला होता, हे पुढे लोकांना कळले. ‘पती’ या शब्दात स्वामित्वाचा जो अर्थ आहे, तो लोकशाहीत किती चालू द्यायचा, हाच प्रश्न त्यामागे होता.

संविधान सभेतील चर्चा

स्वतंत्र भारताच्या राज्यप्रमुखाला काय म्हणावे, हा प्रश्न संविधान सभेपुढे आला. जुलै १९४७ मध्ये मांडलेल्या तत्त्वांत ‘प्रेसिडेंट’ या शब्दापुढे कंसात ‘राष्ट्रपती’ असे लिहिले होते. पुढे इंग्रजी मसुद्यातून तो कंस गेला. डिसेंबर १९४८ मध्ये सदस्य हरी विष्णू कामत यांनी हा शब्द का वगळला, असे विचारले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले, की भारतीय भाषांतील मसुद्यांत कोणता शब्द असावा हे त्या त्या भाषांच्या समित्या ठरवतील. हिंदी मसुद्यात त्या वेळी ‘प्रधान’ आणि उर्दू मसुद्यात ‘सरदार’ असे शब्द आहेत, हेही त्यांनी दाखवून दिले.

मराठी वाचकाच्या दृष्टीने ही माहिती विचार करण्याजोगी आहे. समजा, ‘प्रधान’ हा शब्द कायम झाला असता, तर मराठीत काय घडले असते? आपल्याकडे राजाच्या हाताखालचा मुख्य मंत्री तो प्रधान. अष्टप्रधान मंडळामुळे हा अर्थ आपल्या मनात पक्का आहे. देशाच्या प्रथम नागरिकाला ‘प्रधान’ आणि सरकारच्या प्रमुखाला ‘पंतप्रधान’ म्हटले असते, तर मोठा कोण आणि छोटा कोण, हेच कळेनासे झाले असते. ‘सरदार’ या शब्दाचेही तसेच. मराठीत सरदार म्हणजे राजाच्या सेवेतील लष्करी मानकरी. एखादा शब्द एका भाषेत योग्य असला, तरी शेजारच्या भाषेत तो दुसऱ्याच आसनावर आधीच बसलेला असू शकतो.

अखेर ‘राष्ट्रपती’ हाच शब्द टिकला. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेने डॉ. राजेंद्रप्रसाद यांची राष्ट्रपती म्हणून निवड केली आणि २६ जानेवारीला त्यांनी शपथ घेतली. पूर्वी चळवळीच्या नेत्याचे असलेले नाव आता संविधानाने ठरवलेल्या पदाचे झाले. या पदाचा अधिकारही संविधानाने बांधून दिला : राष्ट्रपती हे राज्याचे प्रमुख, पण कारभार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. म्हणजे शब्दातील ‘पती’ला घटनेने मर्यादा घातली.

आजच्या मराठीतील वापर

आता आपण आजच्या व्यवहाराकडे वळू. पुढील भेद नीट लक्षात ठेवा.

राष्ट्रपती : हा शब्द मराठीत प्रामुख्याने भारताच्या राज्यप्रमुखासाठी वापरतात. त्यावरून उपराष्ट्रपती, राष्ट्रपती राजवट असे शब्द झाले. महाराष्ट्रात १९८०, २०१४ आणि २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट लागू झाली होती. हिंदीत तिला ‘राष्ट्रपति शासन’ म्हणतात.

राष्ट्राध्यक्ष : अमेरिका, फ्रान्स, रशिया अशा परदेशांच्या प्रमुखांसाठी मराठी वृत्तपत्रे हा शब्द वापरतात. हिंदीत मात्र तेथेही ‘राष्ट्रपति’च चालतो. मराठीने केलेला हा भेद उपयुक्त आहे. अमेरिकेचा अध्यक्ष स्वतः सरकार चालवतो. भारताचे राष्ट्रपती तसे चालवत नाहीत. दोन वेगळ्या पदांना दोन नावे असली, की वाचकाचा गोंधळ कमी होतो.

अध्यक्ष : संस्था, पक्ष, मंडळ, संमेलन, जिल्हा परिषद यांच्या प्रमुखांसाठी हा शब्द आहे. लोकसभा आणि विधानसभा यांच्या ‘स्पीकर’लाही मराठीत अध्यक्षच म्हणतात. यामागेही इतिहास आहे. १९२५ मध्ये विठ्ठलभाई पटेल मध्यवर्ती कायदेमंडळाचे प्रमुख झाले, तेव्हा त्या पदाचे इंग्रजी नाव ‘प्रेसिडेंट’ असेच होते. ‘स्पीकर’ हे नाव नंतर आले. मराठीत शब्द बदलावा लागला नाही.

सभापती : राज्यसभा, विधान परिषद आणि पंचायत समिती यांच्या प्रमुखांसाठी हा शब्द ठरला आहे. भारताचे उपराष्ट्रपती हे राज्यसभेचे पदसिद्ध सभापती असतात. एकच व्यक्ती देशाच्या संदर्भात उपराष्ट्रपती आणि सभागृहात सभापती. शब्द व्यक्तीला चिकटलेला नसतो, तो कामाला चिकटलेला असतो, हे यावरून कळते.

चेअरमन : हा शब्द इंग्रजीतून आला, पण साखर कारखाना, दूध संघ, गावची सोसायटी यांच्या संदर्भात तो मराठीत पूर्ण रुळला आहे. लेखी व्यवहारात ‘अध्यक्ष’ लिहिले, तरी गावात कोणी ‘अध्यक्षसाहेब’पेक्षा ‘चेअरमनसाहेब’च म्हणेल. बोलीतील रूढ शब्द अशुद्ध मानू नये; कोठे बोलायचे आणि कोठे लिहायचे एवढे भान ठेवावे.

‘व्हाइस प्रेसिडेंट’ या शब्दाबाबत विशेष काळजी घ्यावी. संस्थेत त्याचा अर्थ उपाध्यक्ष असा होतो, देशाच्या संदर्भात उपराष्ट्रपती होतो. खाजगी कंपन्यांत आणि बँकांत मात्र ते वरिष्ठ अधिकाऱ्याचे पदनाम असते व एकाच कंपनीत असे अनेक अधिकारी असतात. त्यांचे भाषांतर ‘कंपनीचे उपाध्यक्ष’ असे केले, तर वाचकाला वाटेल, की ही व्यक्ती कंपनीत दुसऱ्या क्रमांकावर आहे. अशा ठिकाणी मूळ पदनाम देवनागरीत लिहिणे अधिक प्रामाणिक ठरते.

स्त्री पदाधिकाऱ्यांचा प्रश्न

२५ जुलै २००७ रोजी जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील भारताच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. तेव्हा एक वाद रंगला : स्त्रीला ‘राष्ट्रपती’ कसे म्हणावे? ‘पती’ म्हणजे नवरा, मग हा शब्द बदलायला नको का? कोणी ‘राष्ट्राध्यक्ष’ सुचवला, कोणी अन्य शब्द पुढे केले. शब्द मात्र बदलला नाही.

आपण आरंभी पाहिले, की ‘पती’ या शब्दाचा मूळ अर्थ स्वामी किंवा पालक असा आहे. ‘सेनापती’ म्हणजे सेनेचा नवरा नव्हे. त्यामुळे ‘राष्ट्रपती’चे स्त्रीलिंगी रूप नवरा-बायकोच्या नात्यावरून तयार करणे चुकीचे आहे आणि त्या पदाचा अवमान करणारेही आहे. पद हे पदच असते. त्यावर स्त्री बसली वा पुरुष, त्याचा अधिकार बदलत नाही. मराठीत लिंग क्रियापदावरून आपोआप कळते. ‘राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद म्हणाले’ आणि ‘राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू म्हणाल्या’ ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत.

असे असले तरी तक्रारीमागची भावना समजून घ्यायला हवी. बहुतेक जुनी पदनामे पुरुषांना समोर ठेवून घडली, कारण त्या खुर्च्यांवर पुरुषच बसत होते. ‘चेअरमन’ या शब्दातील ‘मन’ हा इंग्रजीत पुरुषच आहे. म्हणून इंग्रजीत आता ‘चेअरपर्सन’ म्हणतात. या बाबतीत ‘अध्यक्ष’ हा शब्द भाग्यवान आहे. त्यात फक्त पाहणारा डोळा आहे आणि डोळा स्त्रीचाही असतो. १९६१ मध्ये ग्वाल्हेर येथील मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानी कुसुमावती देशपांडे होत्या. सुमित्रा महाजन २०१४ ते २०१९ या काळात लोकसभेच्या अध्यक्ष होत्या. काही जण ‘अध्यक्षा’ असे रूप वापरतात. तेही व्याकरणाला धरून आहे. पदावर भर द्यायचा असेल तेव्हा ‘अध्यक्ष’ हे एकच रूप पुरेसे आहे.

हिंदी आणि मराठी : सारखे दिसणारे शब्द

मराठी आणि हिंदी या दोन्ही भाषा देवनागरीत लिहितात. त्यामुळे एकीतील शब्द दुसरीतही त्याच अर्थाचा असेल असे वाटते. येथे फसगत होऊ शकते. काशी हिंदू विश्वविद्यालयाचेच उदाहरण घ्या. १९१६ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे पंडित मदनमोहन मालवीय १९१९ ते १९३८ या काळात ‘कुलपति’ होते, असे हिंदी पुस्तकांत वाचायला मिळते. मराठी वाचक त्यावरून त्यांना विद्यापीठाचे ‘चान्सेलर’ समजेल, कारण महाराष्ट्रात राज्यपाल हे विद्यापीठांचे कुलपती असतात. प्रत्यक्षात मालवीयजी ‘व्हाइस चान्सेलर’ होते. या पदाला मराठीत ‘कुलगुरू’ म्हणतात, तर हिंदीत परंपरेने ‘कुलपति’ म्हणतात. हिंदीतील ‘चान्सेलर’ हा ‘कुलाधिपति’ होय. अलीकडे मध्य प्रदेशासारख्या राज्याने ‘कुलगुरु’ हा शब्द स्वीकारला आहे, त्यामुळे हा भेद काही ठिकाणी कमी होत आहे.

मालवीयजींनंतर १९३९ ते १९४८ या काळात डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन त्याच पदावर होते आणि १९६२ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. मराठीत लिहिताना ‘कुलगुरू राधाकृष्णन पुढे राष्ट्रपती झाले’ असे लिहावे लागेल. हिंदीतील ‘कुलपति’ जसाच्या तसा उचलला तर माहितीच चुकेल.

लेखनातील भेदही पाहा. हिंदीत ‘राष्ट्रपति’ असा ऱ्हस्व ‘ति’ लिहितात. मराठीत शब्दाच्या अखेरीचा ‘ती’ दीर्घ लिहितात. पण मराठीतही हा शब्द समासाच्या आरंभी आला, की मूळचा ऱ्हस्व परत येतो. म्हणून ‘राष्ट्रपती’, पण ‘राष्ट्रपतिपद’. ‘सभापती’, पण ‘सभापतिपद’.

योग्य शब्द कसा निवडावा?

पर्यायी शब्द समोर असताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला, हे पद कशाचे आहे : देशाचे, सभागृहाचे, संस्थेचे की कंपनीचे? दुसरा, त्या पदाचे काम काय आहे : राज्याचे प्रमुखत्व, सभेचे नियंत्रण की व्यवस्थापन? तिसरा, त्या पदाचे अधिकृत मराठी नाव आधीच ठरले आहे का? ठरले असेल, तर आपल्या आवडीचा दुसरा शब्द वापरू नये. महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध केला, तो याचसाठी. अर्ज, निवेदन, तक्रार लिहिताना हे तीन प्रश्न फार उपयोगी पडतात. योग्य पदनाम लिहिलेला अर्ज योग्य टेबलावर पोहोचतो आणि लिहिणाऱ्याला आपला कारभार कोण पाहतो याची जाण आहे, हेही त्यातून दिसते.

समारोप

शब्दकोशातील एक ओळ वाचायला क्षणभर पुरतो. पण त्या ओळीतील प्रत्येक शब्दामागे माणसांनी केलेला विचार असतो. रायगडावरील राज्याभिषेक, बनारसचे काँग्रेस अधिवेशन, काशीतील एका संपादकाची रोजची धडपड, संविधान सभेतील प्रश्नोत्तरे या सर्वांनी मिळून आपले आजचे शब्द घडवले आहेत. लोकशाहीत त्या पदांवरील माणसे आपण निवडतो, कधी थेट मताने, कधी आपल्या प्रतिनिधींमार्फत. ज्यांना निवडायचे, ज्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्या पदाचे नेमके नाव माहीत असणे हे नागरिकाचे पहिले साधन आहे.

स्वाध्याय

१. ‘अध्यक्ष’ आणि ‘प्रेसिडेंट’ या शब्दांच्या मूळ अर्थांतील फरक तुमच्या शब्दांत सांगा.

२. स्वातंत्र्यापूर्वी काँग्रेसच्या अध्यक्षाला ‘राष्ट्रपती’ म्हणण्यामागे कोणती भूमिका होती?

३. रिकाम्या जागी योग्य शब्द लिहा : (अ) पंचायत समितीचे ____ (आ) फ्रान्सचे ____ (इ) विधानसभेचे ____ (ई) राज्यसभेचे पदसिद्ध सभापती म्हणजे भारताचे ____.

४. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील पाच पदांची बोलण्यातील नावे आणि त्यांची लेखी मराठी नावे यांची यादी करा. दोन्हींत फरक कोठे पडतो ते पाहा.

५. तुमच्या भागातील पाणीपुरवठ्याबद्दल एक निवेदन लिहा. ते कोणत्या पदाधिकाऱ्याच्या नावे लिहायचे, हे आधी शोधून काढा.